न मोजलेल्या खेपा

सरकारी दवाखान्यात गरोदर बायांच्या खिडकीपाशी पहिला प्रश्न ठरलेला असतो. नाव, वय, पत्ता नंतर. सिस्टर मान वर न करता विचारते, "केटलामुं, बेन?" म्हणजे कितवी खेप. सिल्वासात राहिल्यावर एवढी गुजराती सगळ्यांनाच कळते. उत्तर एका शब्दाचं असतं. ते आम्ही चुकीचं दिलं, आणि माझ्या आजाराचं नाव कळायला आठ महिने जास्त लागले.

म्हणून हे लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. निबंध सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे काय सांगावं आणि कुठे थांबावं हे मला नीट कळत नाही. मी डॉक्टरही नाही. औषधाचं प्रमाण वगैरे यात सापडणार नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण घाबरलेल्या बाईला दुसऱ्या बाईने काय सांगावं, तेवढं मला आता सांगता येईल असं वाटतं.

तारीख लांबली

माझे वडील शिंदखेड्याकडून इथे सिल्वासाजवळ नरोलीला आले आणि एका कंपनीत पॅकिंगला लागले. मी भाड्याच्या खोल्यांच्या लाइनीतच मोठी झाले आणि लग्न होऊन दोन लाइनी सोडून पलीकडे गेले. नवरा निलेश धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहे. तोही आमच्याकडचाच. लग्नाच्या वेळी मी विसाव्या वर्षात होते आणि वडिलांनी एकच अट घातली होती की पोरीचं कॉलेज बंद होणार नाही. निलेशने ती पाळली. सासूबाईंनीही पाळली, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल काही वाचून तुमचा गैरसमज होईल.

लग्नानंतर होळीच्या सुमारास पाळी चुकली. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि बजावलं की तिसरा महिना भरेपर्यंत कुणाला कळता कामा नये, तुझ्या आईलासुद्धा नाही. बारा दिवसांनी पोटात दुखू लागलं आणि सगळं गेलं. त्यांनी मला निजवलं, शेपा-ओव्याचं पाणी करून दिलं, पाय दाबले. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, काही झालं नाही, तारीख लांबली होती तुझी.

तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं. खरंच.

गणपतीत पुन्हा तसंच झालं. या वेळी मी मेडिकलमधून पट्टी आणली होती. त्यावर दोन रेघा उमटल्या होत्या आणि ती पट्टी मी कागदात गुंडाळून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ठेवली होती. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, तारीख लांबली. मी म्हटलं, आई, दोन रेघा होत्या. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "टिकलं नाही त्याला खेप म्हणत नाहीत. गेलेलं मोजलं की येणारं बिचकतं."

त्या घरात अहिराणी बोलतात, मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे. पण हे वाक्य कुठल्याही भाषेत ऐकलं तरी पुढे बोलायला जागा उरत नाही. त्यांच्या आईने त्यांना तेच सांगितलं असणार. आमच्याकडे बायका असंच सांगत आल्या. गेलेलं मोजायचं नाही, त्याचं नाव काढायचं नाही, दुसऱ्या दिवशी उठून पाण्याला जायचं.

तिसऱ्या वेळी, त्याच हिवाळ्यात, सातवा आठवडा आला आणि आम्ही दवाखान्यात नाव घातलं. खिडकीपाशी सिस्टरने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, पहिलीच. कार्डावर तसं लिहिलं गेलं. सोनोग्राफीत ठोके दिसले. पडद्यावर काहीतरी लुकलुकत होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा ते लुकलुकत नव्हतं.

तिथल्या डॉक्टर गुजराती आहेत, तरुण आहेत, सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणतात. त्यांनी माझा हात धरून विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वजनाच्या काट्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

हे 'नाही' माझं होतं, सासूबाईंचं नव्हतं. डॉक्टरबेन म्हणाल्या, एकदा असं पुष्कळ जणींना होतं, तुझी काही चूक नाही, तीन-चार महिने जाऊ दे. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. एकदा झालेल्या बाईला जे सांगायचं तेच सांगितलं. फक्त ती बाई मी नव्हते.

तेहतीस तासांची स्लाइड

शेवटच्या वर्षाला आम्हाला गर्भविज्ञान होतं. शिकवायला साळवी मॅडम होत्या. त्या चिपळूणकडच्या, राहायला इथे सिल्वासातच, टोकरखाड्यात. तास इंग्रजीत घ्यायच्या, पण आम्ही मराठी शाळेतून आलेल्या तिघी-चौघी तास संपल्यावर रेंगाळायचो आणि त्या पर्स खांद्याला लावून उभ्या उभ्या पुन्हा सगळं मराठीत सांगायच्या.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं की स्त्रीचं बीज आणि पुरुषाचं बीज नळीत एकत्र येतं, एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी एक पोकळ चेंडू गर्भाशयात येऊन पोचतो. त्या चेंडूच्या आतल्या पेशींचं बाळ होतं. बाहेरच्या पेशींची वार, म्हणजे प्लॅसेंटा, होते. बाहेरच्या पेशी आईच्या अस्तरात स्वतःला रोवून घेतात. इथपर्यंत मी लिहून घेत होते.

मग त्या म्हणाल्या, आता गंमत बघा. बाळ अर्धं वडिलांचं असतं. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने ते अर्धं परकं. एरवी परकं काही आत आलं, बारीक काटा जरी रुतला, तरी शरीर त्याच्यावर तुटून पडतं. इथे तसं होत नाही. गर्भाशयात ज्या पहारेकरी पेशी असतात त्या बाळाच्या वारेला हाकलत नाहीत, उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात.

मला आमच्या लाइनीतले घरमालक आठवले. नवा भाडेकरू आला की ते आधी शंभर प्रश्न विचारतात, कोण, कुठला, कुठल्या कंपनीत. पण एकदा ठेवून घेतला की स्वतः उभं राहून त्याच्या मोरीपर्यंत नळ ओढून देतात. मी ते वहीच्या कडेला लिहिलं. मग पेन थांबलं. मला वाटलं, माझ्यात नळ ओढून देत नाहीत. माझ्यात दार उघडून पुन्हा बाहेर काढतात.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. कोंबडीच्या तेहतीस तासांच्या गर्भाची स्लाइड. लाल रंगवलेलं, शेंगदाण्याएवढंही नाही. मॅडम म्हणाल्या, मधोमध उजवीकडे वळलेली नळी दिसते का, ते हृदय. या सुमाराला ठोके सुरू होतात. मी भिंगातून बघितलं आणि मला ते लुकलुकणं आठवलं. मी स्टुलावरून उठले, बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले.

मॅडम मागोमाग आल्या. त्यांनी काय झालं असं विचारलं नाही. मी लग्न झालेली आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळा?"

"तीन."

हा आकडा मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटला होता. निलेशशीसुद्धा आम्ही 'त्या वेळी' असंच बोलायचो.

त्या म्हणाल्या, डॉक्टरांना माहीत आहे ना? मी म्हटलं, त्यांना एकच माहीत आहे. मॅडम माझ्याशेजारी भिंतीला टेकल्या. मग नेहमीच्या तासाच्या आवाजात म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. पण एक आणि तीन यांत फार फरक असतो एवढं मला कळतं. उद्या जा आणि आत्ता मला जे एका शब्दात सांगितलंस ते तिथे सांग. आणि आता आत ये, आकृती काढायची राहिलीय."

मी आत गेले आणि आकृती काढली. त्या जर्नलला मला दहापैकी आठ मिळाले.

एकटीने जाणं

दुसऱ्या दिवशी निलेश कंपनीत सकाळच्या शिफ्टला होता. सासूबाईंना मी कॉलेजला जाते सांगितलं. म्हणजे तिथेही मी झाकलंच. शेअरच्या इको गाडीत बसून सिल्वासाला आले आणि कॉलेजच्या फाट्याला न उतरता पुढे दवाखान्यात गेले.

डॉक्टरबेनसमोर बसल्यावर मी वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं. आधी दोनदा झालं होतं, आम्ही सांगितलं नव्हतं, एकूण तीन. मला वाटलं आता त्या रागावतील. त्यांनी माझं जुनं कार्ड पुढे ओढलं, 'पहिली' यावर काट मारली आणि तिथे तीनचा आकडा घातला. मग किती आठवड्यांनी, किती अंतराने, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या का, सगळं विचारत गेल्या. हिंदीत विचारत होत्या. मी हिंदी-मराठी मिसळून सांगत होते. मला जर्नलमधल्या पट्टीमुळे दुसऱ्या वेळची तारीखसुद्धा बरोबर सांगता आली.

रक्त घेतलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. मला ते आता एका दमात म्हणता येतं, तेव्हा तीनदा लिहून घ्यावं लागलं. त्या म्हणाल्या, तुझं शरीर अशी काही द्रव्यं तयार करतं की ती वारेला चिकटतात, रक्त गोठतं, आणि वार रुजताना बिघडते. बाळात दोष नाही. तुझ्या वागण्यात, खाण्यात, कॉलेजच्या येण्याजाण्यात दोष नाही. पण हा अहवाल एकदा येऊन भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. पुन्हा तेच आलं तर पक्कं. आणि पक्कं झालं तर उपाय आहे.

आजार आहे असं कळल्यावर माणूस रडतो असं मी वाचलं होतं. मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर भूक लागली. मी दोन वडापाव खाल्ले. तीन वेळा जे झालं त्याला एक नाव होतं, आणि ते नाव माझं नव्हतं.

झाकणं

घरी सांगायला दोन दिवस लागले. निलेशला आधी सांगितलं. तो बराच वेळ बोटाने लुंगीची किनार उलगडत बसला आणि मग म्हणाला, म्हणजे ते तिन्ही होते. मी म्हटलं, हो, तिन्ही होते. तो उठून बाहेर गेला आणि नळावर तोंड धुऊन आला.

सासूबाईंना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांना आजाराचं दुःख झालंच, पण त्याहून एक गोष्ट लागली. मी डॉक्टरांकडे एकटी जाऊन त्यांना खोटं पाडलं, असं त्यांना वाटलं. आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एका संध्याकाळी, मी कपडे घडी घालत होते, त्या समोर येऊन बसल्या.

"मी खोटं बोलले नव्हते. मी झाकलं होतं. उघडं ठेवलं की माश्या बसतात."

मी म्हटलं, "माहीत आहे आई. पण डॉक्टरबेन माशी नाहीत."

त्या हसल्या नाहीत. पण त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटात न विचारता तूप वाढलं.

लाइनीत मात्र हे कुठून तरी पसरलं. सुनेच्या रक्तात दोष आहे, असं. एका बाईने सासूबाईंना सुचवलं की पोराचं दुसरं करा. ते मला नंतर कळलं, आणि सासूबाईंनी तिला काय उत्तर दिलं तेही. त्या म्हणाल्या, तुझा नवरा रोज साखरेची गोळी खातो, तू केलंस का दुसरं?

बारा आठवडे

त्या बारा आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तेच कठीण होतं. डॉक्टरबेननी तोपर्यंत घाई नको म्हणून सांगितलं होतं. मी कॉलेजला जात होते. एका रविवारी निलेश मला दुधनीला घेऊन गेला. मधुबन धरणाच्या पाण्यात होडीत बसलो. होडीवाल्याने सवयीने विचारलं, नवीन लग्न का? निलेश म्हणाला, नाही, जुनं आहे, तीन वर्षांचं. तीन हा आकडा ऐकून आम्ही दोघांनी एकाच वेळी पाण्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, घाबरू नकोस, मशीनवर धागा तुटला की मी मशीनला शिव्या देत नाही, ताण कुठे जास्त झालाय ते बघतो. ते सापडलं की धागा चालतो.

डिसेंबरात दुसरा अहवाल आला. तोच. पक्कं झालं. जानेवारीच्या शेवटी दोन रेघा आल्या. रक्त गोठू नये म्हणून एक छोटी गोळी पक्कं झाल्यापासून चालू होती, आता त्याचसाठी रोज पोटात एक इंजेक्शन सुरू झालं. बाळंतपणापर्यंत रोज.

भिखुभाईंची फळी

ही इंजेक्शनं भरूनच येतात. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, सावकाश दाबायची, आणि मग चोळायचं नाही. चोळलं की निळं होतं. नाही चोळलं तरी थोडं होतंच. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पहिले चार दिवस दवाखान्यात सिस्टरने दिलं आणि शिकवलं. निलेशची बोटं दिवसभर तुटलेले धागे पकडतात, त्यामुळे त्याला चिमूट लगेच जमली. पण सुई बघून त्याला घाम फुटायचा. शेवटी माझं मीच देऊ लागले.

अडचण वेगळीच आली. मेडिकलवाल्याने सांगितलं होतं की खोकं थंड जागी ठेवा, पण बर्फात नको. फेब्रुवारीत ठीक होतं. मार्च लागला आणि आमचे पत्रे तापू लागले. आमच्याकडे फ्रिज नाही. लाइनीच्या तोंडाशी भिखुभाईंचं किराण्याचं दुकान आहे, तिथे कोल्ड्रिंकचा काचेचा फ्रिज आहे.

आता बघा, तेव्हा मला आठवा आठवडा होता. तिसरा महिना भरायला अजून महिना होता. खोकं दुकानात ठेवायचं म्हणजे सगळ्या लाइनीला सांगण्यासारखंच. सासूबाईंना आधी घरातच सोय करायची होती. माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यांनी खोकं त्याला टेकून ठेवून बघितलं. दुपारी हात लावून बघितला तर खोकं कोमट. त्या ते खोकं पदराखाली घेऊन बसल्या होत्या, मी कॉलेजातून आले तोपर्यंत. मग स्वतःच उठल्या आणि मला म्हणाल्या, चल.

भिखुभाईंनी काही विचारलं नाही. वरच्या फळीवरच्या लिंबू सोड्याच्या बाटल्या सरकवल्या आणि खोकं मागे ठेवलं. म्हणाले, "बेन, सोडानी पाछळ ठेवतो, कोणाला दिसणार नाय." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी तिथे जायचे आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत ते काच सरकवून एक इंजेक्शन काढून द्यायचे. आठवड्यात सगळ्या लाइनीला कळलं. माझी मम्मी तेव्हा गावी गेलेली होती, तिला कळायच्या आधी भिखुभाईंना कळलं होतं. मम्मी अजून त्यावरून मला बोलते.

आणि कुणी बिचकलं नाही. उलट रांगेतल्या बायका मला पुढे जायला जागा द्यायला लागल्या. एकदा मला यायला उशीर झाला तर भिखुभाईंनी दुकान बंद करायचं थांबवलं आणि बाहेर स्टुलावर बसून राहिले.

कुंकवाचे ठिपके

डावीकडे की उजवीकडे हे मी विसरायचे. परीक्षा जवळ आली होती, डोक्यात काही राहत नव्हतं. एक दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात कुंकवाचा बारीक ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात. सासूबाईंना लिहिता येत नाही. सुई झाली की त्या करंगळीने ठिपका द्यायच्या. आज कुठे, असं मी विचारलं की कॅलेंडरकडे बघून सांगायच्या, डावी. ज्यांनी मला मोजू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्या आता एकही दिवस चुकवत नव्हत्या. मी त्यांना तसं बोलून दाखवलं नाही. ठिपके बोलायचे नसतात.

नववा आठवडा वाईट गेला. मागच्या वेळी तो नववाच होता. रोज सकाळी उठल्यावर आधी कपडे बघायचे. मळमळ कमी झाली की घाबरायचे, जास्त झाली की हायसं वाटायचं. सोनोग्राफीच्या दिवशी मी टेबलावर डोळे मिटून पडले होते. डॉक्टरबेन म्हणाल्या, डोळे उघड, तुझ्या न बघण्याने ते थांबत नाही. मी बघितलं. लुकलुकत होतं.

भीती त्यानंतरही गेली नाही, पण तिला जागा ठरली. सात वाजता इंजेक्शन, मग अर्धा तास भीती, मग अभ्यास. तुम्ही यातून जात असाल तर एवढंच सांगेन, भीतीला घराबाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. तिला एक वेळ द्या. पोटावरचे निळे डाग बघून रडू येतं, येऊ द्या. ते हिरवे होतात, मग पिवळे होतात, मग जातात. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात रक्तदाब, वजन, बाळाची वाढ. रांगेत ओळखी झाल्या. एप्रिलमध्ये चौथ्या महिन्यात मी सगळे पेपर दिले. गर्भविज्ञानाच्या पेपरात वारेवर प्रश्न होता. वेळ संपली तरी मी लिहीत होते.

खिडकी

सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरबेननी भरती व्हायचा दिवस ठरवून दिला. कळा औषधाने आणायच्या होत्या, आदल्या दिवशीच इंजेक्शन बंद केलं होतं. सात वाजले आणि करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

सकाळी आम्ही तिघं गेलो. निलेश गाडीचे पैसे देत मागे राहिला. खिडकीपाशी नवी सिस्टर होती. मान वर न करता तिने विचारलं, "केटलामुं, बेन? पहेलुं ने?"

मी तोंड उघडलं. पण मागून, कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या सासूबाई बोलल्या.

"चौथी खेप शे. लिखी ल्या."

सिस्टरला अहिराणी कळली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी गुजरातीत सांगितलं, चोथुं. तिने लिहिलं. सासूबाईंनी मान पुढे करून, वाचता येत नसताना, ते लिहिलेलं नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, पण रडण्यात काही कमी नव्हतं. तिला माझ्या पोटावर ठेवलं तेव्हा तिची टाच नेमकी शेवटच्या निळ्या डागावर होती. दुखलं. मी कुणाला ती हलवू दिली नाही.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे इंजेक्शन चालू होतं, तसंच असतं. कॅलेंडरावर ठिपके चालू राहिले. ते संपले त्या दिवशी मी मुलीला घेऊन रिकामं खोकं आणायला भिखुभाईंकडे गेले. त्यांनी काच सरकवली, माझं खोकं काढून दिलं. मागे, सोड्याच्या बाटल्यांआड, आणखी एक खोकं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर नाव नाही.

मी विचारलं, हे कुणाचं? ते म्हणाले, "पलीकडच्या लाइनीतली नवी वहू आहे. नाव नको सांगू बोलली."

त्या नव्या सुनेचं खोकं साखरेच्या आजाराचंही असेल. दुसरं कशाचंही असेल. मी विचारलं नाही. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्यांना म्हटलं, ती आली की सांगा, दुसऱ्या लाइनीत सातव्या खोलीत मी दुपारी घरी असते. तिने मला नाव सांगायची गरज नाही. खिडकीपाशी कितवी खेप विचारली, तर मात्र सगळ्या मोजून सांग म्हणावं.

भिखुभाईंनी मान डोलावली आणि ते खोकं बाटल्यांआडून थोडं पुढे सरकवलं.